बिनडोळ्यांची सरस्वती

डीमन, १२ फेब्रुवारी २०२१

तीर्थरूप बाबांना गुंजनचा दुरूनच वाकून नमस्कार.

मी ठणठणीत आहे. लॉकडाऊनमुळे इथल्या विद्यापीठाचे कलेच्या इतिहासाचे क्लास लॅपटॉपवरच असतात. आईचा खोकला खरंच गेलाय, की फोनवर दाबून धरते?

आज मात्र माझं डोकं फिरलंय. शाळेच्या पुस्तकापासून ग्रीक मूर्ती पांढऱ्याशुभ्र पाहत आले. आज सर म्हणाले, सुरुवातीच्या ताठ, हसऱ्या मूर्ती असोत की नंतरच्या कमरेत वळलेल्या, त्या रंगवलेल्या असायच्या! लाल ओठ, निळी वस्त्रं, आखलेले डोळे. रंग उडाला आणि उरलेला दगड लोकांनी डोक्यावर घेतला. वर्गातला एक जण हसला, "मग बाजारू दिसत असतील." माइक चालू करून त्याला असा झापलाय!

पण त्याला कुठल्या तोंडाने बोलले? मी इकडे परदेशात यायला निघताना तुम्ही माझ्यासाठी सरस्वती घडवलीत, डोळे आखायला कुंचला उचललात, आणि मी म्हटलं, "नको, गावठी दिसेल. ग्रीकांसारखी पांढरीच राहू दे." पेणमध्ये तीस वर्षं मूर्ती रंगवणारे तुम्ही, निमूट कुंचला धुतलात! एक थोबाडीत का नाही दिलीत?

दीड वर्ष तिला माझ्या खिडकीत आंधळं ठेवलंय मी. विमानं सुरळीत झाली की तिला घेऊन येते. तो कुंचला टाकू नका.

स्वतःवरच चिडलेली,
तुमची गुंजन