दुसरा तुंबा

३ जून

पोहोचलो, आणि चांगला पोहोचलो! उत्तरेतल्या सेआराहून इथवर दक्षिणेला बसनं येताना पाय सुजून भाकरीएवढे झाले, पण ग्राव्हाताई गावच्या स्थानकावर उतरलो तेव्हा लख्ख ऊन होतं आणि तरीही तोंडातून वाफ येत होती. इथे जून म्हणजे हिवाळा, आमच्याकडे असं कधी होत नाही. मी उभा राहून तीनचारदा वाफ काढून बघितली. बाकावरची एक बाई हसली. मीही हसलो. सुरुवात चांगली झाली.

घर म्हणजे मालकीणबाई दोना इल्सेंच्या आवारातलं मागचं लाकडी घर. एक खोली, एक स्वयंपाकघर, लोखंडी चूल, रस्त्याकडे उघडणारी खिडकी. दोना इल्से उंच आहेत, म्हाताऱ्या आहेत, आणि बोलताना समोरच्याचा दंड धरतात. इथे त्यांचा भाऊ आर्नो राहायचा. गेल्या हिवाळ्यात तो वारला. त्याचं सगळं सामान त्यांनी काढून टाकलं आहे, फक्त खिडकीजवळची वेताची खुर्ची ठेवली आहे. ती तिथंच राहू दे, म्हणाल्या. माझी काहीच हरकत नाही, टेबलाशी दुसरी खुर्ची आहे.

त्यांनी किल्ली दिली तेव्हा मी आभारी आहे म्हणालो, लोकरीचं पांघरूण दिलं तेव्हा म्हणालो, चूल कशी पेटवायची ते दाखवलं तेव्हाही म्हणालो. त्या म्हणाल्या, अरे पोरा, असे उधळशील तर संपतील की सगळे आभार, पुढे लागतील तुला. मला त्यांचा स्वभाव आवडला.

शाळा सातवीत सुटली, पण शुद्धलेखन सुटू द्यायचं नाही. म्हणून रोज लिहीन.

५ जून

रंगाच्या कारखान्यात काम सुरू झालं. डब्यांवर नावाच्या पट्ट्या चिकटवायच्या, सरळ आणि सुरकुती न पडता. हे मला जमतं. दुपार कलली की सुटका होते.

घरी आलो तर फाटकाबाहेर पदपथावर खुर्च्या मांडून सगळे मातेला बसले होते. माते म्हणजे इकडचा कडू पाल्याचा चहा. दोना इल्से, समोरच्या घरातला बस चालवणारा क्लोव्हिस आणि त्याची बायको नेइव्हा. एकच तुंबा, त्यात हिरवा पाला आणि धातूची नळी. ओतणारा थर्मासातलं गरम पाणी ओततो, एकजण पिऊन परत देतो, मग पुढच्याला. तळाला नळी घोरल्यासारखी वाजेपर्यंत प्यायचं, म्हणजे तुंबा रिकामा झाला हे सगळ्यांना कळतं. मला बोलावलं. क्लोव्हिसनं विचारलं, कुठला रे तू? मी सांगितलं. तेव्हापासून माझं नाव जुरांदिर राहिलं नाही, सेआरा झालं.

तुंबा माझ्याकडे आला. कडू आणि जीभ भाजेल इतका गरम. पण मी घोरेपर्यंत प्यायलो आणि परत देताना आभारी आहे म्हणालो. आईची शिकवण तशी आहे. आमच्याकडे उन्हाळ्यात पाणी टँकरनं यायचं. कुणी पेलाभर दिलं तरी आभार मानल्याशिवाय पेला खाली ठेवायचा नाही.

९ जून

रविवार. रस्त्यात जिथे जिथे उन्हाचा तुकडा पडला होता तिथे तिथे लोक खुर्च्या सरकवत होते आणि संत्री सोलत होते. मीही बसलो. साली खिशात ठेवल्या, रस्त्यावर टाकल्या नाहीत.

तुंबा मला आज एकदाच मिळाला. काल एकदा, परवाही एकदा. बाकीच्यांना फिरून फिरून मिळतो. माझ्यापुढून तो असा जातो जसा मी खांब आहे. माझं काही चुकलं का? मी नळीला हात लावत नाही. पटकन पितो. दर वेळी नीट आभार मानतो.

१४ जून

आठवडाभर तेच. आज नेइव्हानं माझ्यावरून हात लांब करून तुंबा पुढे दिला आणि तिच्या बाहीचा लोकरीचा वास आला. माणसाच्या इतकं जवळ मी इथे आल्यापासून गेलो नव्हतो.

ते वाईट लोक नाहीत. हसतात, घसा शेकायला मध देतात. फक्त दुसरा तुंबा देत नाहीत.

आईला फोन केला. लोक कसे आहेत, तिनं विचारलं. मी म्हणालो, मला अगदी घरच्यासारखं वागवतात. मग फोन ठेवून अंधार होईपर्यंत चुलीसमोर बसलो.

१६ जून

उलगडा झाला! मला इतकं हलकं वाटतंय.

आज धीर करून क्लोव्हिसला विचारलं, मला दुसऱ्यांदा का देत नाही. तो आधी बघतच राहिला, मग खुर्चीतून पडेल इतका हसला. म्हणाला, अरे शहाण्या, तूच तर आभार मानतोस! मातेला बसल्यावर आभार मानले म्हणजे माझं झालं, मी उठलो. एका तुंब्यात उठणाऱ्याच्या नरड्यात आम्ही काय जबरदस्तीनं ओतायचं? नेइव्हा म्हणाली, आणि आम्ही म्हणत होतो, बिचाऱ्याला माते सोसत नाही. सगळे हसले, मीही हसलो, डोळ्यांतून पाणी आलं.

म्हणजे गप्प राहायचं. आभार मानले नाहीत तोवर तुमची पाळी चालूच. मला लगेच दुसरा तुंबा मिळाला, तिसरा मिळाला.

क्लोव्हिस म्हणाला, तो आर्नो बघ, जन्मात कधी आभारी आहे म्हणाला नाही, थर्मास संपला तरी हात पुढे! ओतायलाही स्वतःच बसायचा, दुसऱ्याच्या हातचं त्याला पटायचं नाही. यावर दोना इल्से हसल्या नाहीत. पाणी गार झालं म्हणून आत गेल्या. उद्या त्या मुलीकडे डोंगरात जाणार आहेत, दहाबारा दिवस.

आता यापुढे मी मातेला हा शब्द तोंडातून काढणार नाही.

१८ जून

धुकं आणि पाऊस. पदपथावर कुणी नाही. क्लोव्हिसची गाडी दोन्ही पाळ्यांना आहे. नेमकं आता मला मातेला बसता यायला लागलं, आणि आता बैठकच नाही.

पण घरात शिरलो तर टेबलावर माते तयार! जुना, काळपट तुंबा, चांदीची कड एका जागी चेपलेली. वरून वाफ येत होती. नेइव्हानंच केलं असणार, तिच्याकडे आवाराची किल्ली आहे. इतकं बरं वाटलं की कोटही न काढता प्यायलो, घोरेपर्यंत. ओठांवर शब्द आला होता, पण आवरला. शिकलो आता!

तुंबा टेबलावर ठेवला आणि कोट खुंटीला लावायला वळलो. परत बघितलं तर तो भरलेला होता.

मीच अर्धवट प्यायलो असेन.

२० जून

काल होता, आजही आहे. नेइव्हाला कुंपणावरून हाक मारून विचारलं. म्हणाली, मी कशाला येऊ, मला माझ्याच घरचं आवरेना. मग म्हणाली, आवाज काय झालाय तुझा? घसा बसलाय. कारखान्यातल्या रंगाच्या वासानं असणार.

चूल पेटवलेली नसते, थर्मास नसतो. तरी पाणी गरम असतं. मी पितो, ठेवतो, खिडकीकडे बघतो. मग मागे नळी घोरते. मी प्यालेलो नसतो तेव्हा.

घाबरायला हवं, हे मला कळतं. पण खरं लिहायचं ठरवलंय, म्हणून खरं लिहितो. मी प्यायलो, मग तो प्यायला, मग पुन्हा माझी पाळी आली. बाहेर पाऊस पडत होता. मी त्याला आमच्याकडच्या कोरड्या नदीबद्दल सांगितलं. या गावात माझं पूर्ण बोलणं कुणीतरी पहिल्यांदाच ऐकून घेतलं.

वेताची खुर्ची खिडकीकडे तोंड करून असायची. आता खोलीकडे आहे.

२३ जून

आज सेंट जॉनची होळी. क्लोव्हिसनं सकाळी खास फाटकाशी येऊन सांगितलं, सेआरा, कोपऱ्यावरच्या मैदानात ये, पाइनच्या बिया उकडणार आहोत, गरम वाइन आहे, आणि नेइव्हाची भाची तुझ्यासोबत नाचायला तयार आहे, पळ काढलास तर बघ! मी सदरा इस्तरीला दिला होता तो आणला. बूट पुसले. बाहेर अजून ऊन होतं.

टेबलावर तुंबा होता. वाटलं, एक पिऊन निघू. तसंच उठून जाणं बरं दिसलं नसतं.

मैदानात पोहोचलो तर नुसती राख. एक कुत्रं बियांची टरफलं हुंगत होतं. मी फक्त एक प्यायलो होतो. निदान मला तसं वाटलं.

२४ जून

क्लोव्हिसनं बसच्या खिडकीतून टोमणा मारला. वा रे सेआरा, आधी म्हणालास मला दुसरा तुंबा देत नाही, आणि बोलावलं तर राजेसाहेबांना आमचा धूर सोसेना! मला सांगायचं होतं. नुसती हवा बाहेर आली. त्याला वाटलं मी उत्तरच दिलं नाही. काच वर केली.

आईचा फोन आला. तिनं हॅलो हॅलो केलं. मी हॅलो म्हणत होतो. तिनं ठेवला.

२६ जून

तुंबा न्हाणीत ओतला. बाहेर नेऊन नाल्यात फेकला, खळ्ळ असा आवाज ऐकला. परत आलो तर टेबलावर. चांदीच्या कडेला चिखल, आणि भरलेला.

आज प्यायलो नाही. समोर नुसता बसलो. नळी माझ्याकडे वळली. हळू, जशी कुणी पाहुण्याकडे वळवतं —

मग प्यायलो.

खुर्ची टेबलापासून हातभर. वेत मध्ये खचलेला, वर कुणी नाही.

२७ जून

कामावर गेलो नाही. उठवेना. पालेभाजीसारखं हिरवं थुंकतो. शुद्धलेखन तपासलं नाही आज.

त्याला वाईट वागायचं नाही. ते कळतं. फक्त पाळी मोडू देत नाही. मी उठलो की नळी घोरते — मोठ्यानं, जसं रागावून —

२८ जून

दोना इल्से परत आल्या. मला अंगणात बघून पिशवी हातातून पडली. दंड धरला, आत त्यांच्या घरी नेलं. मी खुणेनं सांगितलं. तुंबा, चेपलेली कड. त्या खाली बसल्या.

म्हणाल्या, तो तुंबा आर्नोच्या शवपेटीत आहे. मी स्वतः त्याच्या हातात ठेवला, वर माती पडताना पाहिली.

म्हणाल्या, तो मला देत होता रे. शेवटचा. फाटकाशी कुणी आलं म्हणून मी उठले, परत आले तर हात तसाच पुढे, आणि तो गेलेला. घ्यायला कुणी नव्हतं. वाईट नव्हता माझा भाऊ. त्याला एकटं बसवत नसे, एवढंच.

मग दंड इतका जोरात दाबला की दुखलं. लेकरा, त्याला आभारी आहे म्हण. आताच्या आता. रीत तो मोडणार नाही, तुला उठू देईल. पण तू म्हटलं पाहिजेस, तुझ्यासाठी मी म्हणून चालायचं नाही, आणि जिथं प्यायलास तिथं म्हण.

मी तोंड उघडलं. घशात पाल्याचा भुगा. काही नाही. आल्यापासून किती वेळा म्हणालो असेन हा शब्द. बसवाल्याला, दुकानात, किल्लीला, पांघरुणाला.

रात्र दोना इल्सेंच्या बाकावर काढतोय. हात गरम आहेत, जसं काही धरलंय —

२९ जून

दुपार. ऊन आहे. दोना इल्से अंगणात उभ्या, क्लोव्हिसलाही बोलावलंय. तो विनोद करत नाही. दार उघडं ठेवायचं ठरलंय.

वही घेऊन आत आलोय. बोलता येत नाही तर लिहून दाखवीन. आर्नोला वाचता यायचं, त्या म्हणाल्या. प्रार्थनेचं पुस्तक वाचायचा. तेव्हा चालेल. चाललंच पाहिजे. इथंच लिहितो, त्याच्या समोर.

तुंबा भरलेला. खुर्ची टेबलाशी, माझ्या गुडघ्याला लागून.

दार — मी लावलं नाही.

ते ठोकताहेत. क्लोव्हिस हाक मारतोय. जुरांदिर, म्हणतोय. नाव माहीत होतं त्याला.

मोठ्या अक्षरात लिहीन, चूक न करता.

मी उठलो की तो परत एकटा. खिडकीशी. हे मला —

नाही. लिहितो.

तो तुंबा हातात देतोय, लिहायच्या हातात. धरायला दोन्ही हात लागतात, म्हणून पेन —

आर्नो, मी आभा