खाकी सुताची चव

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आज तुमची किळस आली. इथं आखातात मी फौजेचे तंबू शिवणाऱ्या कारखान्यात आहे. शेजारी लढाई पेटलीय. शेठनं गेटवर झेंडा लावला, आम्हाला खजूर वाटले, म्हणाला, देशाचं काम आहे. कुणाच्या देशाचं, ते कोण विचारणार?

तुमच्या मिलचा मालक तरी काय वेगळा होता? विलायती कापडाच्या होळ्या पेटल्या तसे त्याचे माग वाढले. मग गोऱ्यांची लढाई आली नि रातपाळी सुरू झाली. सभेत खादीची टोपी घालून स्वदेशी बोलायचा, आत साहेबाच्या फौजेसाठी खाकी विणून घ्यायचा. आणि हे तुम्ही गावी, चांदीपच्या आपल्या घराच्या ओटीवर बसून अभिमानानं सांगायचात! मागाच्या धोट्याच्या भोकाला तोंड लावून सूत ओढायची तुमची रीत. खाकी ओढून ओढून थुंकी मातकट व्हायची म्हणे. रंग गेला, खोकला तेवढा राहिला. एकदा तुम्ही मला मिलच्या खाकी तुकड्याची चड्डी आणली. मी म्हटलं, हवालदारासारखी दिसते. फाडकन वाजवलीत. "लाज वाटते? या कापडावर जेवतोस!"

एक संध्याकाळ अजून डोळ्यांसमोर आहे. काका बसलेत, तुम्ही खोकत खोकत हसताय. "लढाई लवकर आटपली रे. आणखी थोडी चालती तर घरावर कौलं चढली असती." काका मांडी थोपटून हसतात. आई चुलीपुढून ओरडते, "तिकडं कुनाची पोरं मरत होती, नि यांना कौलं दिसतात! पानी प्या, गप बसा." काका पाण्याचा तांब्या तुमच्याकडं सरकवतात. मी मात्र तुमच्या तोंडाकडं बघत राहिलो. तेव्हापासून मनात अढी बसली.

काल रेडिओवर तहाची बातमी आली. फोरमन म्हणाला, "लडाई बंद, तो तेरा टिकट कट. चालू रही तो दो साल और. रुकेगा? कल बोल." मी रेडिओ बंद केला. तह फिसकटला तर बरं, असं मनात आलं. आपोआप आलं, बाबा. तोंडात काहीतरी मातकट लागलं, उठून चूळ भरली.

हे पत्र घरी पाठवलं तर कुणीतरी आईला वाचून दाखवील. म्हणून उशीखालीच ठेवतोय. घराला कौलं किती लागतील, ते मात्र मागच्या पत्रात मी तिला विचारून बसलोय.