तांब्यातलं लिंबूपाणी

पनवेल,
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. प्राजक्ता हिस दादांचे आशीर्वाद. मनस्वीला एक गोड पापा.

इकडे आम्ही ठीक आहोत. गोदूचं, तुझ्या सासूबाईंचं, पोट पूर्ण बरं आहे. तांदळाच्या दोन भाकऱ्या खाते आणि माझ्याशी भांडायलाही तिला आता ताकद पुरते. नीलेश रोज सातला कळंबोलीला जातो, ट्रकवाल्यांशी ओरडून घसा बसवून घरी येतो. रविवारी पेणला तुमच्याकडे येऊन गेला की गप्प असतो. तुम्ही काय बोलता ते मी विचारत नाही. विचारायला तोंड नाही, हे त्यातलं खरं कारण.

हातात फोन असताना हा म्हातारा पत्र का लिहीत बसला, असं तुला वाटेल. ते पुढे येईलच. एस.टी.च्या स्टोअरमध्ये एकतीस वर्षं काढलेला माणूस मी, नटबोल्टसुद्धा लिहून घेतल्याशिवाय कुणाला दिला नाही. मला सरळ मुद्द्यावर येता येत नाही, हे तुला माहीत आहे.

मागच्या आठवड्यात माघी गणपती झाला. पूजेची भांडी मीच घासली. ताम्हन, पळी-पंचपात्र, कलश. चिंच आणि मीठ. तांबं चिंचेनं कसं झटकन उजळतं! उजळतं म्हणजे वरचा थर आंबटात उतरतो, हे तू मला एकदा ओट्यापाशी उभी राहून समजावलं होतंस. गेल्या जुलैतली गोष्ट. त्यावर मी काय म्हणालो होतो? "बाई गं, तू कंपनीत बाटल्या हलवतेस त्या हलव. तांब्याचं मला नको शिकवूस."

पूजेच्या वेळी पंचामृताला वाटी सापडेना, म्हणून मी घाईत तांब्याची पुढे केली. गुरुजी म्हणाले, "काका, दूध-दही तांब्यात चालत नाही." मी म्हटलं, "माहीत आहे हो." आणि खरंच माहीत होतं. माझ्या आईला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण ताक कधी तांब्यापितळेच्या भांड्यात ठेवू द्यायची नाही. मिठागरावर जाताना बाबांचं ताकसुद्धा मातीच्या मडक्यात असायचं. पूजा संपेपर्यंत माझं मंत्रांकडे लक्ष नव्हतं. देवाला चालत नाही ते मी गोदूला पाजलं, हे एकच डोक्यात.

आता लिहितोच.

रिटायर झाल्यावर मला तांब्याचं वेड लागलं, ते तू बघितलंच आहेस. भांडी आळीतून हंडा आणला, पाण्याचा जग आणला, तळपायाला तूप चोळायला काशाची वाटी आणली. नुसतं पाणी तांब्यात ठेवून आम्ही दोन वर्षं प्यायलो, कुणाचं काही बिघडलं नाही. बागेतल्या बाकावर बसून मी सगळ्या सोसायटीला प्रवचनं दिली. अकरा घरांनी माझ्या शब्दावर जग घेतले आणि मला तांबेवाले काका हे नाव पडलं. आयुष्यभर मला कुणी कशातलं जाणकार म्हटलं नव्हतं गं. साठीनंतर म्हणू लागले, तर माझं डोकं फिरलं.

मग फोनवर कुठूनतरी ते लिंबू-मधाचं आलं. चरबी झडते, गुडघे मोकळे होतात. गोदूचे गुडघे दुखतच होते. मी संध्याकाळी दोन लिंबं जगात पिळायचो, मध घालायचो आणि पाणी भरून ठेवून द्यायचो. सकाळी उठल्या उठल्या तिला मोठा पेला. मला पित्ताचा त्रास, म्हणून मी स्वतः घेत नव्हतो. तुम्ही सगळे चहावाले. पीत होती ती एकटी.

तू ते पाहिलंस आणि मला सांगितलंस. ओट्यापाशी, जुलैतल्या त्याच दिवशी.

ऑगस्टमध्ये तिला मळमळायला लागलं. मग उलट्या, जुलाब, तोंडाला सारखी चव कसली तरी. गौरी-गणपतीत तर ती आडवीच होती. माझी बहीण भीमाबाई उरणहून आली आणि पहिल्याच दिवशी म्हणाली, "सून तलोज्याच्या कंपनीन जाते ना? तितला वास तुमच्या खिरकीपर्यंत येतो. ती तं रोज आंगावर घेऊन येते. तेच जेवनात उतरतंय, दुसरा काय नाय."

भीमाबाई बोलते ते अर्धं सोडून द्यायचं असतं. मी सोडलं नाही. मी ते उचललं, कारण मला ते सोयीचं होतं. कंपनीतल्या रसायनाचे कपडे तू तिथेच बदलून येतेस, प्रयोगशाळेत हातमोजे घालतेस, हे मला ठाऊक असून मी जेवणाच्या ताटावर म्हणालो, "तुझ्या हातचं खाऊन गोदू मरेल एक दिवस." तू चपात्या लाटत होतीस. लाटणं खाली ठेवलंस, हात पुसलेस आणि आत गेलीस. नीलेश मान खाली घालून जेवत राहिला. त्याला दोष देऊ नकोस असं म्हणणार नाही, पण त्याला बोलू न देणारा बाप मीच आहे.

तिसऱ्या दिवशी तू मनस्वीला घेऊन पेणला माहेरी गेलीस, आणि त्याच दुपारी गोदूला आम्ही दवाखान्यात ठेवलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, "तांब्या-पितळेच्या भांड्यातून आंबट काही देता का यांना?" मी म्हटलं, "नाही."

हे वाक्य लिहायला मला पाऊण तास लागला. खोटं बोलायचं ठरवून बोललो नाही. वाटलं, हे इंग्रजी औषधवाले आपल्या शास्त्राला हसतात, यांना कशाला खाद्य द्या. पण त्या संध्याकाळी घरी आलो आणि जग उघडला. पाणी असायचं तिथपर्यंत आतून घासल्यासारखा लख्ख, आणि काठाखाली हिरवी कड. कुणी घासलाच नव्हता तो. तेव्हा मला सगळं कळलं. प्राजक्ता, मला जवळजवळ पाच महिन्यांपूर्वी सगळं कळलं.

मी जग वर्तमानपत्रात गुंडाळला आणि माळ्यावर टाकला. लिंबूपाणी बंद केलं. दहा-बारा दिवसांत गोदू हिंडू-फिरू लागली. भीमाबाई शेजारपाजारात म्हणाली, "बगा, सून गेली नि गोदू उठली." मी तिथेच बसलो होतो, चहा पीत होतो. माझ्या जग बंद करण्यानं तुझ्यावरचा आरोप शाबीत झाला, आणि मी तो होऊ दिला. अकरा घरांत जग आहेत, तांबेवाल्या काकांचं काय होईल, हा विचार होता. एवढाच. यापेक्षा मोठं कारण शोधून पाहिलं, मिळालं नाही.

गेल्या मंगळवारी मनस्वीचा फोन आला. शाळेतलं सांगता सांगता म्हणाली, "आजोबा, आई मला जेवायला देताना आधी तीन वेळा साबणानं हात धुते. मला जवळ घेतानापण धुते. आणि आईनं नोकरी सोडली." नीलेशनं हे मला सांगितलं नव्हतं. माझ्यावर रागावून बसली असशील, असं मी इतके दिवस धरून चाललो होतो. तू माझं ते बोलणं खरं मानून बसली आहेस, हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

फोन ठेवला आणि गोदूला सगळं सांगितलं. मला वाटलं रडेल. ती मेथी निवडत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मना काय सांगतंस? मी जिती हाय. जिला मारलीस तिला सांग." मी फोन हातात घेतला तर तिनं तो काढून घेतला. "फोनवर अर्धा गिलशील तू. तुजी खोड मना म्हाईत हाय. लिवून दे." तेव्हापासून ती माझ्या हातचं पाणीही घेत नाही, स्वतः उठून घेते. पत्राचं कारण हे असं आहे.

गुरुवारी त्या डॉक्टरांकडे जाऊन खरं सांगितलं. ते चिडले. म्हणाले, लक्षणं तांब्याचीच होती, तेव्हा बोलला असता तर बाईंचे दोन आठवडे वाचले असते. मी त्यांच्याकडून तसं कागदावर घेतलं, तो कागद सोबत जोडला आहे. काल अकराही घरी जाऊन सांगून आलो की आंबट घालू नका, आणि आमच्या घरी काय झालं आणि दोष कुणावर टाकला तेही. दोन घरांनी दार अर्धंच उघडलं. भीमाबाईला नीलेशसमोर फोन केला. ती मानत नाही. तिनं मानावं म्हणून थांबलो तर जन्म जाईल.

तू परत ये, असं मी लिहीत नाही. ते नीलेशनं म्हणावं, आणि त्यालाही ते कमवावं लागेल. तुझ्या हातात कधी काही नव्हतं, बाळा. कंपनीतही नाही, कणकेतही नाही. मनस्वीला उचलून घे, हात न धुता घे. हे पत्र आईला दाखव, कंपनीत साहेबांना दाखव, वाटलं तर पेणच्या चौकात लाव. माझी हरकत नाही. कुणी विचारलं तर म्हणून खाली पूर्ण नावानं सही करतो आणि कशाची सही तेही लिहितो.

गोदावरी घरत हिला आजारी पाडणारा,
तिचा नवरा
दाजी हिरू घरत