हर्सूलची फरशी

१२ जानेवारी, सोमवार

आणखी एक स्थळ! शिवराज, हर्सूलचा. घराबद्दल विचारलं तर म्हणे, "आमचं लई काय नाय, पण हॉलची फरशी अस्सल शहाबादी हाय. उन्हाळ्यात अनवाणी फिरा." फरशी! मुलगी बघायला यायचं आणि फरशीचं कौतुक करायचं! आई तोंडाला पदर लावून हसली.

एक मात्र खरं, माझं काम त्यानं नीट विचारलं. फोटो बघून वस्तू कशाची आहे — लाकूड, दगड, कापड की प्लास्टिक — हे ओळखायला कॉम्प्युटरला शिकवते, म्हटलं. बाकीचे इथंच जांभया देतात. हा म्हणाला, "मंग तुम्हाला कोणी फसवूच शकत नसंल." आवडला मला. लिहितानाही कसंतरी होतंय, पण आवडला.

१४ जानेवारी, संक्रांत

तिळगुळाऐवजी घराचे फोटो आले. गंमत म्हणून हॉलचा फोटो मी शिकवलेल्या मॉडेलला दिला. फरशी — प्लास्टिक! तीनदा दिला, तीनदा प्लास्टिक. म्हणजे दगडाच्या डिझाइनचा प्लास्टिकचा कागद अंथरलाय आणि वर तोंड करून अस्सल शहाबादी! थापाड्या कुठला!

१५ जानेवारी

नकार कळवा म्हटलं. बाबा म्हणाले, "एका फरशीपायी?" फरशीपायी नाही, थापेपायी! बाबांनी त्याच्या आईला फोन करून मुलाच्या पत्रिकेत दोष आहे, जुळत नाही असं सांगितलं. आपल्यात नकाराची हीच रीत. बिनडोक, पण सोयीची.

१९ जानेवारी, सोमवार

ऑफिसातला राजकुमार दात काढत आला. "मॅडम, तुमचं मॉडेल येडं झालं." त्यानं ऑफिसच्या दगडी जिन्याचा फोटो दिला होता. उत्तर — प्लास्टिक. तुला फोटो काढायची अक्कल नाही, म्हटलं. स्वतः जाऊन काढला. जिना नुकताच पुसलेला, ओला. वाळल्यावर परत काढला — दगड. पाणी ओतलं — प्लास्टिक!

शिकवताना आम्ही दगडांचे सगळे फोटो कोरडे दिलेले. चमकेल ते प्लास्टिक, एवढंच शिकलंय ते गाढव. आणि त्याची मास्तरीण मी!

घरी येऊन हर्सूलचा फोटो मोठा करून बघितला. कोपऱ्यात बादली, तिच्या काठावर पिळलेलं फडकं. फोटो मुलीकडं जायचा म्हणून त्याच्या आईनं फरशी पुसून घेतली असणार.

२० जानेवारी

परत फोन लावा म्हटलं. बाबा भडकले. "आन काय सांगू? आता ग्रह सरकले म्हणू?"

२४ जानेवारी

आजही विनवलं. मी! बाबा पेपरातून वर बघेनात.

१ फेब्रुवारी, रविवार

बाबांनी अखेर फोन लावला. शिवराजच्या आईनं पत्रिकेतला दोष खरा धरून शांती करून घेतली होती. लगेच दुसरीकडं जमलं म्हणे त्याचं. परवा सुपारी फुटली. बाबांना त्यांनी बोलूच दिलं नाही. "लई उपकार झाले भाऊ, येळेवर सांगितलं तुम्ही."

लग्नाला सगळ्यांना बोलावलंय.