तेवीस कोरे कागद

३ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. गुडघ्यासाठी डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम तू करतेस यावर बाबांचा विश्वास नाही, माझाही नाही. तीन जिने चढून घरी जायचं असलं की गुडघ्याचे लाड करावेच लागतात.

बातमी अशी की बाईंचे कागद माझ्याकडे आले. हो, त्याच बाई, ज्यांच्याकडे तू एकोणिसाव्या वर्षी टायपिस्ट म्हणून लागलीस आणि ज्यांचा विषय निघाला की अजूनही स्वयंपाकघरात निघून जातेस. आमच्या ग्रंथालयाच्या दुर्मीळ संग्रह विभागात त्या सध्या चौदा खोक्यांत राहतात. मी हात धुऊन, अंगठी काढून, पेन बाहेर ठेवून, एक शिसपेन्सील तेवढी घेऊन त्यांच्यासमोर बसते. टाचणी काढायची, गंजाचा डाग टिपून ठेवायचा, कागद मोजायचे, नव्या पाकिटात घालायचे. आठवड्याला दीड खोकं होतं. बाबा म्हणतात, कासवानंसुद्धा माझ्याकडे शिकवणी लावली असती.

आता मुद्द्याचं. शेवटच्या कादंबरीची अठराच प्रकरणं आहेत. संपादक सर महिनाअखेर ती छापायला देणार, मुखपृष्ठावर ‘अपूर्ण’ असं लिहून. प्रस्तावनेत त्यांनी म्हटलंय की आजारपणात बाई खचल्या, शेवट त्यांना सुचलाच नाही. वीस वर्षांपूर्वी सरांनी इथेच घेतलेल्या सभेत तू उभी राहून म्हणाली होतीस ना, की कादंबरी पूर्ण आहे, एकोणिसावं प्रकरण मी स्वतः टाईप केलंय? सगळे हसले हेही बाबांनी सांगितलं. त्यानंतर तू या ग्रंथालयाची पायरी चढली नाहीस. आत्या, मला ती प्रस्तावना वाचून फार राग आला. काय झालं होतं ते मला सगळं लिही, बारीकसारीकही.

बाकी काम जोरात. तिसऱ्या खोक्यात तेवीस जुने कोरे कागद निघाले. आमच्याकडे ते सोनं. फाटक्या पानाला त्याच काळातल्या कागदाचं ठिगळ अगदी बेमालूम बसतं. मी सही करून ते दुरुस्ती विभागात पाठवले आणि तिथल्या काकांची शाबासकी मिळवली.

उत्तर लवकर दे आणि राग असलाच तर तो सरांसाठी ठेव, लोभ माझ्यासाठी.

तुझी भाची


९ फेब्रुवारी

चि. वाळवीस,
अनेक आशीर्वाद.

लहानपणी कागद खायचीस म्हणून तुझं नाव वाळवी ठेवलं, आता त्याचाच पगार घेतेस. व्यायाम मी करते. तुझ्या बाबाला म्हणावं, स्वतःचं पोट बघ.

सगळं लिही म्हणालीस, तर घे. बाई एक प्रकरण लिहीत, मी टाईप करी, त्या तपासत आणि हातानं लिहिलेलं फाडून टाकत. खाडाखोडीचा पुरावा मागे नको, म्हणत. मी नुसतीच बोटं बडवते की वाचतेही, हे बघायला मध्येच एखादी भलतीच ओळ घालून ठेवत. जसं आहे तसं टाईप करायचं ही त्यांची ताकीद, म्हणून मीही ती ओळ मुद्दाम तशीच टाईप करून द्यायची. मग दोघी हसायचो.

एकोणिसाव्या प्रकरणाला हात घातला आणि मशीनची रिबन फाटली. दुकान चार दिवस बंद. बाईंना ताप, पण थांबायची तयारी नाही. मग मी कोरा कागद, खाली कार्बन, त्याखाली दुसरा कागद असं लावलं आणि रिबनशिवायच बडवलं. वरच्या कागदावर शाई उमटली नाही, खालची प्रत मात्र छान निघाली. तीच प्रकाशकांकडे गेली. आठवड्यानं बाई गेल्या आणि प्रकाशक म्हणाले, आम्हाला काही मिळालंच नाही. वरचे कोरे कागद मी गठ्ठ्याच्या तळाशी ठेवले, कारण बाई कागद टाकू देत नसत.

हे मी कुणाला सांगितलं नाही, कारण कुणी विचारलंच नाही. हसण्यातच सभेचा वेळ संपला. मला त्याचं फार लागलं, गं. खोटारडी ठरून घरी आले त्या दिवशी.

सोबत एक चिकटवलेलं पाकीट आहे. ‘समाप्त’च्या खाली बाईंनी माझ्यासाठी एक ओळ घातली होती, ती आत लिहिली आहे. प्रकरण कधी सापडलंच, तर सरांसमोर उघड. नाही सापडलं तर न उघडता जाळून टाक.

वेळेवर जेव, डोळे जप, आणि या म्हातारीवर जीव आहे तसाच असू दे.

तुझी आत्या


२१ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि. आणि शिवाय एक घट्ट मिठी.

तुझं पत्र मी वाचनकक्षाबाहेरच्या बाकावर वाचत होते. ‘वरचे कोरे कागद’ हे शब्द आले आणि मला माझे तेवीस आठवले. मी धावले. आमच्याकडे धावायला मनाई आहे. पहारेकरी मागून ओरडला, तरी धावले. काकांनी खळ कालवून ठेवली होती, हातात ब्रश होता आणि सगळ्यात वरच्या कागदाच्या सात पट्ट्या कापून झाल्या होत्या. मी ओरडून त्यांना हात वर करायला सांगितलं. बिचाऱ्यांनी दोन्ही केले, चोरासारखे.

एक पट्टी जरी ओली झाली असती तर तिच्यावरचे अक्षरांचे ठसे सपाट झाले असते, आत्या, आणि तेही माझ्या सहीनं.

खिडक्या बंद केल्या, टॉर्च टेबलाला टेकवून आडवा धरला. कागदावर ठशांच्या सावल्या उभ्या राहिल्या. तू काय जोरात बडवायचीस गं! एकेक अक्षर वाचता येत होतं. काका मजकूर मोठ्यानं सांगत होते, मी पेन्सिलीनं उतरवत होते. पाच दिवस लागले. बाई खचल्या होत्या म्हणे! शेवटी त्यांची नायिका घर सोडून जात नाही, घर तिचंच असतं, ती बाकीच्यांना बाहेर काढते आणि आतून कडी लावून पोटभर झोपते. सरांनी प्रस्तावनेत तिला जवळजवळ मारूनच टाकलं होतं.

कापला गेलेला कागद नेमका शेवटचा होता. काल संपादक मंडळासमोर मी त्या सात पट्ट्या काचेखाली जुळवल्या आणि टॉर्च सरांच्याच हातात दिला. त्यांनी ‘समाप्त’ वाचलं, खालची ओळ वाचली. मग मी तुझं पाकीट त्यांना दाखवलं आणि त्यांच्याच हातानं उघडवलं. दोन्हीकडे शब्दाला शब्द तोच: ‘पोरी, आता रडणं पुरे, कागद भिजेल.’

कुणी हसलं नाही. सरांनी चष्मा काढला आणि बाईंच्या या ‘पोरी’ची माफी कशी मागायची, असं मलाच विचारलं. ती पोर आता एकाहत्तर वर्षांची आहे, असं मी सांगितलं. ‘अपूर्ण’ हा शब्द गेला, प्रस्तावना गेली, एकोणिसावं प्रकरण आलं. आणि आमच्या सूचीत त्या तेवीस कागदांची नोंद मी स्वतः केली आहे. लेखिका म्हणून बाईंचं नाव, त्याखाली ‘टंकलेखन’ आणि पुढे तुझं, पूर्ण. ही सूची कुणी खोडू शकत नाही, माझ्या साहेबांनाही परवानगी नाही.

सर तुझा पत्ता मागताहेत. देऊ का? आता तरी पायरी चढ. माझा अभिमान कुठे मावत नाहीये, तेवढा तिकडे सांभाळून घे.

तुझी वाळवी


२७ फेब्रुवारी

चि. वाळवीस,
अनेक, अनेक आशीर्वाद.

पत्ता दे. तीन जिने आहेत आणि लिफ्ट नाही, हे मात्र सांगू नकोस.

काकांना माझा नमस्कार सांग. तुझ्या बाबाला मी तुझं पत्र फोनवर दोनदा वाचून दाखवलं, तिसऱ्यांदा त्यानंच मागितलं. पुढच्या सोमवारी येते. पेन आणणार नाही, अंगठी काढून ठेवीन, हात धुवीन. टॉर्च मात्र मी धरणार.

बाईंनी ती ओळ आधीच लिहून ठेवली होती, कारण शेवटच्या पानाशी मी रडणार हे त्यांना ठाऊक होतं. मी ती जशीच्या तशी टाईप केली, पण त्यांचं ऐकलं नव्हतं. तेव्हाही नाही, आणि तुझं पत्र हातात धरून आजही नाही. हा कागद दोन ठिकाणी ओला झाला आहे. तुला वाळवायचं कसं ते येतं, नीट वाळव आणि जपून ठेव.

तुझ्यावर जीव टाकणारी,
आत्या