पाठ केलेला तक्ता

॥ श्री लक्ष्मीनारायण प्रसन्न ॥
वालावल, ८ नोव्हेंबर २०२५

चि. शुभदास अनेक आशीर्वाद.

एक गंभीर तक्रार नोंदवतो. दुपारी दोन ते तीन ही माझ्या झोपेची वेळ वालावलच्या कुत्र्यांनाही ठाऊक आहे. तिचा बळी देऊन आज मी आंतर्देशीय पत्रासाठी पोस्टात उभा होतो, कारण तू फोन कपाटात कुलूपबंद केलास. पोस्टमास्तरांनी हळूच विचारलं, गुरुजी, कोण वारलो काय.

सृष्टीला चष्मा लागणार म्हणतेस. माझ्याकडे दोन वर्षं राहून शिकली. दोन्ही वर्षी शाळेच्या तपासणीत ‘दृष्टी उत्तम’, शेरा माझ्याच अक्षरात. तू फोंडाघाटला नेलीस आणि पाच महिन्यांत तुझ्या फोनने पोरीचे डोळे खाल्ले. कुलूप जरा आधी लावायचंस. तिला सांग, शिरोड्याच्या बोटी माझ्या लक्षात आहेत.

बहिणीची माया पातळ होऊ देऊ नकोस.
विनीतदादा

फोंडाघाट, १४ नोव्हेंबर

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

टोमणे पोचले.

कुडाळच्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आले. उजवा वजा सात, डावा वजा साडेसहा. दहाव्या वर्षी. पाच महिन्यांत इतकं होत नाही, म्हणाल्या. हे काही वर्षांचं आहे. चढलेला नंबर उतरत नाही, वाढ मंद करता येते एवढंच. दोन वर्षांपूर्वी आणली असती तर बरीच थोपवता आली असती. आता रोज झोपताना एकेक थेंब, दिवसाचे दोन तास उघड्यावर उजेडात, आणि दर सहा महिन्यांनी पडद्याची तपासणी. डोळा लांबलाय, आतला पडदा ताणलाय. तो फाटला तर काय, हे सांगताना बाईंनी सृष्टीला बाहेर बसवलं.

चष्मा लग्नाच्या आड येईल म्हणून सासूबाईंचं रडून झालं. पडद्याचं त्यांना सांगितलेलं नाही.

एक कोडं आहे. बाईंनी तक्ता दाखवला तेव्हा पोरीने सगळ्या ओळी धडाधड म्हटल्या, पण त्या बाईंच्या तक्त्यावरच्या नव्हत्या. बाईंनी तक्त्यामागचा दिवा बंद केला, तरी म्हणतच होती. हे कुठलं, म्हणून विचारलं तर म्हणाली, मामान शिकयलां. दादा, काय शिकवलंस?

उत्तर आलं की लोभाचं बघू.
शुभदा

वालावल, १८ नोव्हेंबर

चि. शुभदास,

आशीर्वाद द्यायची आज लायकी नाही. घ्यायचे तर घे.

तपासणी आम्ही शिक्षकच करतो. तक्ता वर्षभर माझ्या वर्गात टांगलेला. पहिल्या वर्षी सृष्टी तिसऱ्या ओळीला अडखळली. माझ्या वर्गात आजवर कोणी नापास झालेलं नाही, भाचीच कशी होईल? आठ दिवस तिच्याकडून ओळी घोकून घेतल्या, पाढे घेतो तशा, आणि पुन्हा उभी केली. न अडखळता म्हणाली. वर्गाने टाळ्या वाजवल्या. बक्षीस म्हणून शिरोड्याला बोटी मोजायला न्यायचं कबूल केलं आणि दोन वर्षं उद्या-उद्या केलं. दुसऱ्या वर्षी उजळणीही लागली नाही. तिला दिसत नसेल, असं मनात आलं नाही. निकाल शंभर टक्के लागला, एवढंच आलं.

मुख्याध्यापकांना हे सगळं लेखी दिलंय. नवा तक्ता आणून वर्गातली एकतीस मुलं तपासली. चौघांना अक्षरं दिसत नाहीत. जुना तक्ता चौघांनाही पाठ आहे.

तुझा राग मला मान्य आहे. एक रविवार सृष्टी माझ्याकडे दे.
विनीत

फोंडाघाट, २३ नोव्हेंबर

ती. दादास सा. न.

तीस तारखेला सकाळी आठला न्यायला ये. संध्याकाळी थेंबांच्या आधी परत आण. चहा मिळेल. माफ केलंस का, ते विचारू नकोस.
शुभदा

वालावल, १ डिसेंबर

चि. शुभदास आशीर्वाद.

काल तुझ्या दारात बोलवेना, म्हणून लिहितो. शिरोड्याला अडीच तास उघड्यावर होतो, टोपी घालून. यापुढे दर रविवारी दुपारी दोनला फोंडाघाटला येईन आणि तिला बाहेर नेईन. झोपेचं कुत्र्यांना कळवलं आहे.

वाळूत बसल्यावर मी विचारलं, बोटी किती? नव्या चष्म्यातून ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, मामा, पयलो तू सांग, मी पाठ करतंय.

मी समुद्राकडे पाठ करून बसलो. शेवटी तिने हाताने दाखवत एकेक मोजली. म्हणाली, चार, आणखी असल्या तरी माका दिसणा नाय.

मी सहा मोजल्या होत्या. खिशातल्या वहीत चार लिहिलं, तिला दाखवलं आणि खाली सही केली.

तुझा,
विनीत