विचारलं तर विषय बदल

मंगळवार, ता. १४

प्रिय ताई,

नमस्कार, इकडील सर्व क्षेम, तुझी खुशाली कळवणे, वगैरे सगळं मघाशी एका कागदावर लिहिलं आणि तो कागद फाडला. अकरा वर्षांनी लिहिताना ती वाक्यं हातातून उतरेनात. तेव्हा नुसतंच ताई. कशी आहेस गं?

तुझा पत्ता तुझ्या शिवणकामवाल्या मैत्रिणीनं दिला. सुखासुखी नाही हं. आधी माझ्या कुडत्याची बाही उसवून परत शिवेपर्यंत माझी उलटतपासणी घेतली आणि मग म्हणाली, "तिला त्रास द्यायला लिहिणार असशील तर परत माझ्या दारात येऊ नकोस." मी नाही म्हटलं. आता लिहायला बसल्यावर वाटतंय, खोटंच बोलले की काय.

बाबा बरे आहेत. दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. टाके घालत नाहीत हे ऐकून त्यांचा विश्वासच बसेना. "कापलंय आणि शिवलं नाही? काम अर्धवट ठेवलं म्हणायचं की!" डॉक्टरीणबाई हसून बेजार. आयुष्यभर पुस्तकं शिवलेला माणूस, दुसरं काय बोलणार!

मी एका छापखान्यात मुद्रितं तपासते. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि समासात लाल पेनानं खुणा करायच्या. काम जमतं मला. लग्न नाही केलं. विचारू नकोस.

आणि एक छंद लागलाय. तो नीट समजावून सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. एक खेळ असतो, त्यात चित्रं नाहीत, नुसता मजकूर. आपण लिहायचं, 'मी दार उघडते', की यंत्र लिहितं दारामागे काय आहे ते. आपण लिहायचं, 'मी म्हाताऱ्याला हाक मारते', की म्हातारा उत्तर देतो. यंत्र न दमता गोष्ट पुढे नेतं. पण त्याला सुरुवात कोणीतरी लिहून द्यावी लागते: जागा कोणती, माणसं कोण, कोणाचा स्वभाव कसा. त्याला आम्ही साचा म्हणतो. साचा करायचा, सगळ्यांसाठी ठेवून द्यायचा. ज्याला हवा तो उचलतो नि खेळतो. माझे सात साचे आहेत. दीपगृहाचा आहे, बर्फात अडकलेल्या हॉटेलचा आहे. लोक खाली अभिप्राय लिहितात आणि मी मेली वेड्यासारखी ते दिवसातून दहादा वाचते.

साच्यात एक भाग खेळणाऱ्याला दिसत नाही. पडद्यामागच्या सूचना म्हणतात त्याला. तिथं यंत्राला गुपचूप सांगून ठेवायचं की खुनी हा आहे, पण शेवटपर्यंत कळू देऊ नकोस. यंत्र मोठं आज्ञाधारक. सांगितलेलं पोटात ठेवतं.

माझा सगळ्यांत गाजलेला साचा आहे 'बाइंडरचं दुकान'.

चहा घेऊन आले. पुन्हा बसते.

हो, आपलंच दुकान. ते दाबयंत्र, पुठ्ठ्यांची चळत, खिडकीशी विजेची शेगडी, तिच्यावर सरसाचं भांडं. बाप आणि दोन मुली. मोठी संध्याकाळी दुकान बंद करते, किल्ली घरी खिळ्याला अडकवते. तासा-दोन तासांनी दुकान पेटतं. सगळे मोठीला म्हणतात, तूच शेगडी चालू ठेवलीस. खेळणाऱ्यानं तिघांपैकी कोणीही व्हायचं आणि शोधून काढायचं की खरं काय झालं.

तुला राग आला असेल. येऊ दे. अजून यायचाय.

शेकडो लोक खेळले गं. कोणालाच सापडलं नाही. अभिप्रायांत लिहायचे, 'मोठी सरळसरळ खोटं बोलतेय', 'मी बाप होऊन मोठीला हाकलून दिलं तेच बरं झालं'. मी ते वाचायचे आणि खाली 'खेळल्याबद्दल आभार' असं लिहायचे. एक जण आहेत, स्वतःला मास्तरीणबाई म्हणवतात. त्यांनी लिहिलं होतं, 'चाळीस वेळा खेळले. सगळे बोलतात. धाकटी मात्र फार गप्प आहे.' त्यांचे आभार मानायचं धाडस काही झालं नाही.

कारण पडद्यामागे मी यंत्राला लिहून ठेवलं होतं. जसंच्या तसं उतरवते: 'शेगडी मोठीने चालू ठेवली नाही. धाकटीने ठेवली. धाकटीवर संशय येऊ देऊ नकोस. कोणी विचारलं तर विषय बदल.'

झालं. लिहिलं एकदाचं.

तू शेगडी बंद केली होतीस, ताई. तू घरी आल्यावर मी खिळ्यावरची किल्ली घेऊन दुकानात गेले होते. शाळेच्या प्रदर्शनासाठी पुठ्ठ्याचा किल्ला करत होते, त्याचा बुरूज सारखा सुटत होता. सरस गरम करायला शेगडी लावली आणि तेवढ्यात लाइट गेली. शेगडी विझली, अंधारात मला भीती वाटली, मी बुरूज उचलला, कुलूप लावलं आणि पळत घरी येऊन किल्ली परत खिळ्याला अडकवली. बटण तसंच राहिलं. पुढे आपण जेवत असताना लाइट आली, आठवतंय? सगळी गल्ली ओरडली. मीही ओरडले. टाळ्यासुद्धा वाजवल्या. मग दुकानासमोरचे घड्याळजी धावत आले, दुकान पेटलंय म्हणून.

बाबांनी फक्त तुला विचारलं. "शेगडी बंद केली होतीस?" तू म्हणालीस, "मला वाटतं केली होती." तुझ्या त्या 'मला वाटतं'नं घात केला. खरं बोलणारं माणूस असंच बोलतं हे मला आज कळतंय. तेव्हा पंधरा वर्षांची होते, मूग गिळून बसले आणि सगळं खापर तुझ्या डोक्यावर फुटू दिलं. बाबांनी हात पुढे केला आणि तू किल्ली त्यांच्या हातावर ठेवलीस. चार महिन्यांनी तू घर सोडलंस. त्या चार महिन्यांत रोज तुझ्या शेजारी झोपत होते मी, ताई. रोज वाटायचं, उद्या सांगेन.

साचा का केला म्हणशील. कोणीतरी मला पकडावं म्हणून केला, असं मनाची समजूत घालत होते. पण पकडायचं असतं तर ती ओळ कशाला लिहिली असती? कबुली देऊन टाकल्याचं समाधान हवं होतं, आणि नावही लागायला नको होतं. असला भित्रेपणा.

आता बाबांचं. डोळे बरे झाल्यावर त्यांना टॅब आणून दिला, मोठी अक्षरं करून. त्याच्यात माझंच खातं उघडं राहिलं होतं. दुपारी जेवणाच्या टेबलाशी बसून एका बोटानं टुकटुक करायचे. मला वाटायचं, बातम्या वाचतात. एकदा आतून ओरडले, "या साच्यावाल्याला काही कळत नाही. सरस उकळवत नाहीत कधी!" माझ्या हातातली बशी फुटली.

दुसऱ्या दिवशी ते फिरायला गेल्यावर मी बघितलं. खेळलेलं सगळं खात्यात साठलेलं असतं. बाबा सव्वीस वेळा खेळले होते. दर वेळी बाप होऊन. आधीआधी त्यांनी लिहिलंय, 'मी शेगडी बघतो.' 'मी परत जाऊन शेगडी बघतो.' मग बारा-पंधरा वेळा एकच, 'मी मोठीला विचारतो, नीट आठव.' आणि यंत्र दर वेळी मोठीला रडवतं, नाहीतर खिडकीबाहेरचा पाऊस सांगत बसतं. शेवटी एकदा बाबांनी त्याला सरळच विचारलंय, 'मग कोणी केलं?' यंत्रानं उत्तर दिलं, 'बाहेर कोणीतरी हाक मारतं.' विषय बदलला. मी शिकवलं होतं ना.

मी तिथंच खुर्चीवर बसून रडले. अकरा वर्षं मी त्यांच्याशी खोटं वागले ते कमी होतं म्हणून आता यंत्राकडूनही वागवून घेत होते.

तेव्हा तरी तोंडानं सांगावं की नाही? नाही सांगितलं. मी काय केलं ऐक. पडद्यामागची ती ओळ खोडली आणि लिहिलं, 'बापाने विचारलं तर धाकटी खरं सांगते.' म्हटलं, यंत्रच सांगू दे. आपण स्वयंपाकघरात थांबू.

थांबले. बाबा दुपारी बसले. टुकटुक चालू. मग बराच वेळ काही नाही. मग हसण्याचा आवाज! मी बाहेर आले तर टॅब माझ्यापुढे धरून म्हणाले, "हे बघ. म्हणतंय, धाकटीनं केलं. काहीतरीच! धाकटी एवढं होऊन गप्प बसली असती होय? यंत्राला माणसं कळत नाहीत." आणि पुसून टाकून परत पहिल्यापासून सुरू केलं.

ताई, त्यांनी मला एक थोबाडीत मारली असती तरी चाललं असतं.

मी समोरची खुर्ची ओढली. "बाबा, ते बरोबर सांगतंय," म्हटलं. त्यांनी मान वर केली नाही. म्हणाले, "साचा चुकलाय." मी म्हटलं, "साचा मीच लिहिलाय, बाबा. मीच होते." मग किल्ला, बुरूज, लाइट, टाळ्या, सगळं सांगितलं. ते ऐकत होते की नाही कळेना. चष्मा काढून टेबलावर ठेवला, परत घातला, परत काढला. शेवटी म्हणाले, "लाइट गेली होती खरी त्या दिवशी." आणि मग, "मी तिच्या हातातून किल्ली घेतली."

मला एक शब्द बोलले नाहीत. दोन दिवस झाले. जेवतात, औषध घेतात, मी विचारलं तर हो-नाही म्हणतात. टॅबला हात लावलेला नाही. बरोबरच आहे त्यांचं.

साचा मी काढून टाकलेला नाही. ती सूचना पडद्यामागून काढून अगदी पहिल्या ओळीत आणून ठेवलीय, सगळ्यांना दिसेल अशी: शेगडी धाकटीने चालू ठेवली. आता शोधायला काही उरलं नाही, त्यामुळे कोणी खेळत नाही. मास्तरीणबाईंचा तेवढा अभिप्राय आला. 'वाटलंच होतं. मोठीला कळवलंत का?' म्हणून हे पत्र.

आज सकाळी मी लिहायला बसले तर बाबा माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. म्हणाले, "लिहितेयस ना तिला? माझंही लिही. म्हणावं, तीन माणसं होती घरात आणि मी एकालाच विचारलं." एवढं बोलून त्यांनी खिशातून दुकानाची किल्ली काढून या कागदावर ठेवली. दुकान नाही, कुलूप नाही, दारसुद्धा नाही. अकरा वर्षं कुठं ठेवली होती देव जाणे. म्हणाले, "तिच्या हातावर ठेवायला हवी. तूर्तास पाकिटात घाल." ती सोबत आहे. पाकीट जड लागलं असेल ते तिच्यामुळे.

तू परत ये असं म्हणायचा मला हक्क नाही, माफ कर म्हणायचा तर नाहीच. एकच विचारते. आगीच्या दुसऱ्या दिवशी तू माझा फ्रॉक धुतलास. बाहीवर सरस वाळून कडक झाला होता. तू तो नखानं खरवडून काढलास, बराच वेळ, नळाखाली. मी दारात उभी होते. तू मान वर करून बघितलंस आणि म्हणालीस, "जा, अभ्यास कर."

तुला तेव्हाच कळलं होतं का गं?

हो असेल तर तसं लिही. नाही असेल तरी लिही. काहीच लिहावंसं वाटलं नाही तर किल्ली तेवढी ठेवून घे. ती पहिल्यापासून तुझीच होती.

जिला कोणी विचारलं नाही आणि जिनं सांगितलं नाही ती,
तुझी धाकटी